१६६१ चा इंग्लंड-पोर्तुगाल तह आणि मुंबईच्या सीमेचा वाद

सतराव्या शतकात युरोपीय सत्तांचे तह युरोपात लिहिले जात. त्यांचा अर्थ मात्र पुष्कळदा दूरच्या किनाऱ्यावर ठरे. २३ जून १६६१ रोजी इंग्लंड व पोर्तुगाल यांच्यात झालेला तह या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स व पोर्तुगालची राजकन्या कॅथरिन यांच्या विवाहानिमित्त झालेल्या या तहाच्या अकराव्या कलमान्वये मुंबईचे बंदर व बेट, त्यांस संलग्न प्रदेश व हक्कांसह, इंग्लंडच्या राजास देण्यात आले. ‘मुंबई आंदण दिली’ एवढ्या एका वाक्यात आपण वर्गात हा प्रसंग संपवतो. वस्तुतः हा विवाहापेक्षा डचांविरुद्धच्या संरक्षणाचा सौदा होता. पोर्तुगीजांची भारतातील ठाणी राखण्याची हमी इंग्लंडने गुप्त कलमात दिली होती. तरीही जानेवारी १६६३ मध्ये डचांनी कोचीन घेतलेच.

वादाचे मूळ ‘संलग्न प्रदेश’ या शब्दप्रयोगात होते. इंग्रजांच्या मते त्यात साष्टी व ठाणे येत होते. पोर्तुगीजांच्या मते केवळ मुंबई बेट. सप्टेंबर १६६२ मध्ये इंग्रज आरमार मुंबईस पोहोचले, तेव्हा पोर्तुगीज गव्हर्नर अंतोनियो द मेलो इ कास्त्रो याने अधिकारपत्रांतील उणिवा दाखवून ताबा नाकारला. लिस्बनमध्ये बसून दिलेले बेट त्याच्या दृष्टीने पोर्तुगीज हिंदुस्थानचे मर्मस्थान होते. ताबा घेण्यासाठी आलेला सर अब्राहम शिपमन सुमारे चारशे सैनिकांसह कारवारनजीकच्या अंजदीव बेटावर थांबला आणि १६६४ मध्ये तेथेच मरण पावला. रोगराईने सैनिकांचाही संहार केला. जेमतेम शंभर उरले. तहाच्या अर्थाविषयीच्या वादाची ही किंमत इतिहासग्रंथांत सहसा तळटीपेतच राहते.

अखेर फेब्रुवारी १६६५ मध्ये शिपमनचा सचिव हम्फ्री कूक याने मूठभर माती व दगड हाती घेऊन रीतसर ताबा घेतला. त्यासाठी त्याने पोर्तुगीजांच्या संकुचित अटी मान्य केल्या. चार्ल्सने त्या पुढे अमान्य केल्या. कूकने मात्र लवकरच, ओहोटीच्या वेळी मुंबईहून पायी जाता येते या युक्तिवादावर, माहीमही ताब्यात घेतले. साष्टी पोर्तुगीजांकडेच राहिली. मुंबईकडे जाणाऱ्या होड्यांवर ठाणे व करंजा येथे ते जकात घेऊ लागले आणि बेटावरील धान्यपुरवठ्याच्या नाड्या त्यांच्या हाती राहिल्या. येथील कोळी, भंडारी वा कुणबी यांना या व्यवहारात कोणी विचारले नव्हते, हे वेगळे सांगावयास नको.

१६६८ मध्ये चार्ल्सने वार्षिक दहा पौंड खंडाने मुंबई ईस्ट इंडिया कंपनीस दिली. साष्टीचा प्रश्न मात्र तसाच राहिला. १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे व साष्टी आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या नेतृत्वाखाली वसई जिंकली. इंग्रजांनी डिसेंबर १७७४ मध्ये ठाण्याचा किल्ला घेतला तो मराठ्यांकडून, आणि साष्टीवरील त्यांचा ताबा १७८२ च्या सालबाईच्या तहाने कायम झाला. ज्या प्रदेशावर त्यांनी १६६१ च्या तहाच्या आधारे हक्क सांगितला होता, तो पोर्तुगीजांनी त्यांना कधीही दिला नाही.