आहेर देणं जेव्हा गुन्हा होता

व्हँकूवरला तुम्ही पाहुणे म्हणून आलात, की यजमान तुम्हाला स्टॅनली पार्कमधले टोटेम खांब दाखवतात, त्यांच्यापुढे उभं करून फोटो काढतात आणि जेवायला घेऊन जातात. अर्धा दिवस हाताशी असेल तर त्यांना सांगा, आम्हाला ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाचं मानववंशशास्त्राचं संग्रहालय पाहायचं आहे. समुद्राकडेच्या कड्यावर आहे. ही जमीन मस्क्वियम लोकांची. त्यांनी ती कुठल्याही कराराने कधी कुणाला दिलेली नाही, आणि त्यांची वस्ती आजही शहराच्या दक्षिण टोकाला, फ्रेझर नदीच्या काठी आहे.

इमारत आर्थर एरिक्सनची, १९७६ सालची. किनाऱ्यावरच्या जुन्या घरांची खांब-तुळईची बांधणी डोळ्यांपुढे ठेवून त्याने मोठ्या दालनाचा आराखडा केला. भूकंपाच्या धोक्यामुळे हे दालन पाडून पुन्हा तसंच उभं केलं आणि २०२४ च्या जूनमध्ये संग्रहालय परत उघडलं. उंच काचांमागे समुद्र, आणि आत सीडरचे प्रचंड खांब.

हात जोडू नका. हे देव नाहीत. कावळा, गरुड, अस्वल, ओर्का ही त्या त्या घराण्याची चिन्हं आहेत. आपल्याकडे लग्नाआधी देवक बसवतात, कुणाचं कळंब तर कुणाचं मोराचं पीस, आणि एकाच देवकाच्या घरांत सोयरीक होत नाही. उत्तरेकडच्या हैडा लोकांतही समाजाच्या दोन बाजू आहेत, कावळा आणि गरुड. लग्न नेहमी दुसऱ्या बाजूत, आणि मूल आईच्या बाजूचं. म्हणजे खांब हा एका अर्थी वंशावळीचा कागद आहे. काही खांब घराचं छप्पर पेलणारे, काही मृताच्या स्मरणाचे, तर काहींच्या माथ्यावरच्या पोकळीत प्रमुखाचे अवशेष ठेवलेले असत.

आता मनात येणारा प्रश्न विचाराच : एखाद्या घराण्याचा असा कागद विद्यापीठात कसा आला?

एक उत्तर देवीच्या साथीत आहे. १८६२ साली व्हिक्टोरियात साथ आली, तेव्हा गावाबाहेर तळ देऊन राहिलेल्या उत्तरेकडच्या लोकांना हाकलून दिलं गेलं. ते रोग घेऊनच घरी परतले. हैडांची गावंच्या गावं ओस पडली, वाचलेले दोन गावांत एकवटले. मग संग्राहक आले आणि म्हणाले, इथे तर कुणीच राहत नाही. पुढे १९५७ साली स्गांग ग्वाय इथले खांब कुजू नयेत म्हणून उतरवून आणले. त्या तुकडीत बिल रीड हा स्वतः हैडा आईचा मुलगा असलेला शिल्पकारही होता. परंपरा मात्र सांगते की पडलेल्या खांबाने मातीत जावं. मला यात कुणा एकाची बाजू घेता येत नाही.

दुसरं उत्तर कायद्यात आहे, आणि ते जास्त झोंबतं. या किनाऱ्यावर नामकरण, लग्न, वारसा असं काहीही पक्कं करायचं तर पॉटलॅच घालत. आपल्याकडे पाहुणे आहेर आणतात. इथे यजमानच पाहुण्यांना देतो. ते घेणारा पाहुणा साक्षीदार ठरतो, अमुक नाव, अमुक गाणं, अमुक मुखवटा आता या माणसाचा. लेखी दस्त नसलेल्या समाजाचं हे नोंदणी कार्यालयच. मिशनऱ्यांना आणि सरकारला त्यात फक्त उधळपट्टी दिसली. (आपल्या लग्नांतला मानपान त्यांनी पाहिला नव्हता.) १८८५ पासून कॅनडात पॉटलॅच हा गुन्हा ठरला.

१९२१ च्या डिसेंबरात डॅन क्रॅनमर यांनी व्हिलेज आयलंडवर मोठा पॉटलॅच घातला. पंचेचाळीस जणांवर खटले झाले : भाषण केलं, नाच केला, भेटवस्तू वाटल्या. त्यांच्यापुढे पर्याय ठेवला की मुखवटे आणि तांब्याचे मानाचे पत्रे देऊन टाका, नाहीतर तुरुंगात जा. वीस माणसं तुरुंगात गेली. जप्त वस्तू ओटावा, टोरंटो, न्यूयॉर्कच्या संग्रहांत विखुरल्या. बऱ्याचशा परत मिळाल्या, पण १९७९-८० मध्ये, आणि त्यासाठी त्या समाजांना केप मज आणि अॅलर्ट बे इथे स्वतःची संग्रहालयं बांधावी लागली. विद्यापीठाच्या दालनात मुखवट्यांच्या कपाटापुढे उभे राहाल तेव्हा पाटीवरचं साल जरूर पाहा. बंदीच्या काळात विकलेली वस्तू खुशीने विकली होती, असं म्हणणं कठीण आहे.

हे वाचताना मला सोलापूर आठवतं. तिथल्या ‘सेटलमेंट’मध्ये पारधी, कैकाडी कुटुंबांना तारेच्या कुंपणाआड ठेवलं होतं, जन्मानेच गुन्हेगार ठरवणाऱ्या १८७१ पासूनच्या कायद्याखाली. साम्राज्य तेच. आपल्याकडे तो कायदा १९५२ मध्ये गेला. इथे पॉटलॅचबंदी १९५१ मध्ये गेली, तीही माफी मागून नव्हे. नव्या कायद्यात ते कलम नुसतं छापलं नाही. त्या सुमारास मंगो मार्टिन हे क्वाक्वाक्यावाक्व कारागीर याच विद्यापीठात जुने खांब दुरुस्त करत होते. १९५३ साली व्हिक्टोरियात त्यांनी बंदीनंतरचा पहिला जाहीर पॉटलॅच घातला.

बाहेर पडण्याआधी गोल दालनात रीडचं ‘कावळा आणि पहिली माणसं’ पाहा. शिंपल्यातून माणसं बिचकत बाहेर डोकावताहेत आणि वर कावळा बसलाय. पिवळ्या सीडरच्या १०६ तुळया एकत्र चिकटवून केलेल्या ठोकळ्यातून ते कोरलंय. ज्या चौथऱ्यावर ते आहे, तो दुसऱ्या महायुद्धातल्या तोफेचा आहे.

मग पाय दुखत नसतील तर आवाराच्या दक्षिण टोकापर्यंत चालत जा. तिथे जेम्स हार्ट या हैडा कलाकाराने कोरलेला खांब १ एप्रिल २०१७ रोजी उभा केला. मध्यावर निवासी शाळेची इमारत कोरली आहे, आणि तिच्यावर तांब्याचे हजारो खिळे आहेत. त्या शाळांत मेलेल्या मुलांसाठी ते ठोकलेत, काही त्या शाळांतून वाचून आलेल्या माणसांनी स्वतःच्या हातांनी. हा खांब उघड्यावर आहे, पाऊस खात.