‘बदअमला’पासून चित्रफितीपर्यंत : खाजगीपणाच्या हानीचा महाराष्ट्रातील इतिहास

प्रस्तावना

एखाद्या व्यक्तीचे खाजगी क्षण चित्रित होऊन समाजमाध्यमांवर पसरतात, तेव्हा अपराध दोन असतात. पहिला कृतीचा, दुसरा प्रसाराचा. पहिला अपराध एका ठिकाणी, एका वेळी घडतो. दुसरा मात्र पाहणाऱ्या प्रत्येकाच्या हातून पुन्हा घडतो. या दुसऱ्या अपराधाची जाणीव आपल्या समाजाला व कायद्याला कशी व किती उशिरा झाली, याचा महाराष्ट्रातील काही घटनांच्या आधारे मागोवा घेणे हा प्रस्तुत निबंधाचा उद्देश आहे.

रांझ्याचे पत्र

भोर तालुक्यातील रांझे गावच्या पाटलासंबंधीचे इ.स. १६४६ मधील शिवाजी महाराजांचे पत्र प्रसिद्ध आहे. पाटलाचे हातपाय तोडल्याची व पाटीलकी काढून घेऊन ती सोनजी गुजर या त्याच्या भाऊबंदास दिल्याची नोंद त्यात आहे. गुन्ह्यासाठी ‘बदअमल’ एवढाच शब्द येतो. तो अपराध स्त्रीविषयक होता, असे परंपरेने मानले जाते. अपराध्याचे नाव व त्याची शिक्षा कागदावर उरली, पीडितेचे नाव मात्र नाही. यात आधुनिक खाजगीपणाची कल्पना शोधणे हा कालविपर्यास ठरेल, कारण वतनाच्या कागदाला पीडितेच्या नावाचे प्रयोजनच नव्हते. तथापि न्याय नोंदवण्यासाठी पीडितेची ओळख उघड करावी लागत नाही, एवढे या कागदावरून निश्चित दिसते.

देसाईगंज प्रकरण आणि नावाचा प्रश्न

१८६० च्या भारतीय दंड संहितेने कलम ५०९ मध्ये स्त्रीच्या खाजगीपणावरील आक्रमणाचा उल्लेख केला, परंतु पीडितेची ओळख जपण्याची तरतूद केली नाही. १९७२ साली तत्कालीन चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याचा खटला उभा राहिला. सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पोलिसांना निर्दोष सोडले. त्यावर १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धगमवार, रघुनाथ केळकर व लतिका सरकार यांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. पुढे झालेल्या आंदोलनातून १९८३ ची दुरुस्ती आली आणि कलम २२८-अ अन्वये बलात्कारपीडितेची ओळख प्रसिद्ध करणे गुन्हा ठरला. हे प्रकरण मात्र आजही त्या मुलीच्याच नावाने ओळखले जाते. ज्या घटनेने नाव झाकण्याचा कायदा दिला, त्याच घटनेतील नाव उघडे राहिले.

१९९० साली ‘महाराष्ट्र राज्य विरुद्ध मधुकर नारायण मर्डीकर’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक पाऊल टाकले. स्त्रीच्या चारित्र्याविषयी लोकमत काहीही असो, तिला खाजगीपणाचा हक्क आहेच, असा निर्वाळा न्यायालयाने दिला.

जळगाव, १९९४

१९९४ साली उघडकीस आलेल्या जळगाव प्रकरणात स्त्रियांची छायाचित्रे व चित्रफिती काढून, त्या उघड करण्याच्या धमकीने त्यांचे शोषण केल्याचे आरोप झाले. तेव्हा समाजमाध्यमे नव्हती. तरीही चित्र लोकांच्या दृष्टीस पडेल ही भीतीच शस्त्र म्हणून पुरेशी होती. अनेक स्त्रिया साक्षीसाठी पुढे येऊ शकल्या नाहीत, त्यामागेही हीच भीती होती. या भीतीचे बळ यंत्रात नव्हते. ‘ती कोण?’ असे विचारणाऱ्या समाजात ते होते.

कायद्याचा उशीर

२००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ ने मजकूर अश्लील आहे काय, एवढेच विचारले. चित्रातील व्यक्तीची संमती होती काय, हा प्रश्न त्यात नव्हता. २००८ च्या दुरुस्तीने कलम ६६-ई आणले व संमतीविना खाजगी अवयवांचे चित्रण आणि प्रसारण दंडनीय केले. २०१३ मध्ये दंड संहितेत आलेल्या कलम ३५४-सी ने निर्णायक भेद स्पष्ट केला. स्त्रीने चित्रणास संमती दिली असली तरी प्रसारास दिली नसेल, तर प्रसार हा गुन्हाच आहे. हीच तरतूद १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ मध्ये आहे. मधल्या काळात, २०१७ साली, नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने पुट्टस्वामी खटल्यात खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २०२१ च्या नियमांनी तक्रारीनंतर २४ तासांत असा मजकूर हटवण्याचे बंधन समाजमाध्यम कंपन्यांवर घातले. तरीही कलम ७७ चे संरक्षण स्त्रियांपुरतेच आहे, ही उणीव नोंदवली पाहिजे.

समारोप

अश्लीलतेकडून संमतीकडे हा या इतिहासाचा प्रवास आहे. अश्लीलतेच्या कसोटीत चित्रातील स्त्रीच लज्जित ठरते, तर संमतीच्या कसोटीत पसरवणारा उत्तरदायी ठरतो. भोर-वेल्ह्यासारख्या डोंगरी मुलखातील गावांत माणसे परस्परांना चेहऱ्याने व घराण्याने ओळखतात. तेथे पाहणारे अनोळखी नसतात. शेजारी, सोयरे व भाऊबंद हेच पाहणारे असतात. म्हणून तेथे हानी अधिक खोल जाते आणि ती थांबवण्याची शक्तीही तेथेच असते. आलेली चित्रफीत पुढे न पाठवणे हे केवळ सौजन्य नव्हे. दुसऱ्या अपराधात सहभागी न होण्याचा तो निर्णय आहे. कायदा मुदत देऊ शकतो, परंतु पहिल्या मिनिटाचा निर्णय पाहणाऱ्याच्याच हाती राहतो.