देवळीच्या गप्पा: कापूस, आखाडा आणि पानठेला

देवळीत माणसे गप्पांना बसली ती मुख्यतः कापसामुळे. वर्ध्याहून यवतमाळच्या रस्त्याला अठरा-एक किलोमीटरवरचे हे गाव जुने आहे. राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याचा शके 862 म्हणजे इ.स. 940 चा ताम्रपट इथेच सापडला. इंग्रजी अमदानीत मात्र गावाचे नाव झाले ते कापसाच्या बाजारासाठी. 1867 मध्ये इथे नगरपालिका आली. त्याच वर्षी रेल्वे नागपूरला पोचली. पुढे जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले. 1901 च्या शिरगणतीत गावाची वस्ती होती 5,008. पण हंगामात आसपासच्या खेड्यांतले कास्तकार बंड्या, म्हणजे बैलगाड्या, भरभरून येत आणि गाव फुगे.

कापूस आणला की लगेच मोजून होत नसे. बंड्यांची रांग लागे. 1972 साली एकाधिकार कापूस खरेदी सुरू झाल्यावर विदर्भातल्या केंद्रांवर या रांगा आणखी लांबल्या. बैल सोडून, बंडीखाली पोते अंथरून, थंडीत शेकोटीभोवती रात्र काढायची. त्या रात्रींत भावाची काळजी बोलून संपली की विषय बैलांवर येई, आणि बैलांवरून शंकरपटावर.

शंकरपट हा विदर्भातला बैलजोड्यांच्या शर्यतीचा खेळ. पेरणी-वेचणीची घाई संपली की पट भरे. हलक्या छकड्याला जुंपलेली जोडी ठरलेले अंतर किती वेळात कापते, यावर निकाल. वर्धा नदीपलीकडचे तळेगाव दशासर या पटासाठी नावाजलेले. पट एका दिवसाचा, पण कुठली जोडी कुणाची, तिला खुराक काय, धुरकऱ्याने कासरा कधी सैल सोडला, यावर वर्षभर बोलणे चाले. खेळाची इतकी बारीक जाण फार थोड्या मैदानांवर आढळते, आणि ती कुणी लिहून ठेवली नाही ही मोठी हानी आहे.

दुसरा विषय कुस्ती. पश्चिम महाराष्ट्रात तालीम, तर इकडे आखाडा. तिकडे फड, तर इकडे आमदंगल. आमदंगलीत हलगी वाजू लागली की ओळखीचे-अनोळखी एकाच कडेला बसत. देवळीला कुस्तीचे वेड किती, हे गावच्या रामदास तडस यांच्याकडे पाहून कळते. विदर्भ केसरी झालेला हा मल्ल 2014 आणि 2019 मध्ये वर्ध्यातून लोकसभेवर निवडून गेला. गप्पांची भाषाही आखाड्याने घडवली. निवडणूक असो की सोयरीक, एखादा शड्डू ठोकतो, कुणी पेच टाकतो, कुणी चीतपट होतो.

बायकांची बैठक वेगळी होती. वेचणीच्या सुरुवातीला शेतात सीतादही करायची, दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा, आणि मग ओळीने कापूस वेचता वेचता बोलत राहायचे. आश्विनात भुलाबाईसमोर गाणी झाली की झाकलेल्या डब्यातली खिरापत ओळखायचा खेळ सुरू होई. डबा हलवून आवाज ऐकायचा, गोड की तिखट ते विचारायचे. ओळखता आली नाही की हसण्याला ऊत. घरोघरच्या बातम्याही याच वेळी एकमेकींना कळत.

क्रिकेट आले रेडिओवरून. नागपूर आकाशवाणी 16 जुलै 1948 ला सुरू झाली. पुढे ट्रान्झिस्टर स्वस्त झाला आणि दुकानाच्या फळीवर बसला. 1971 मध्ये अजित वाडेकरांच्या संघाने वेस्ट इंडिज आणि इंग्लंडमध्ये मालिका जिंकल्या. त्याच वर्षी 15 डिसेंबरला ‘लोकमत’ नागपुरातून दैनिक म्हणून निघू लागला, आणि रेडिओवर ऐकलेला खेळ वाचायलाही मिळू लागला.

मग गप्पांची गादी पानठेल्याकडे गेली. विदर्भात पानटपरीला पानठेला म्हणतात. दोन माणसे उभी राहतील एवढ्या सावलीत सहाजण उभे राहत. ‘काय गा भाऊ, स्कोर किती?’ एवढे विचारले की नव्या माणसालाही जागा मिळे. लंगोटीयार असेल तर ‘काय बे’ने सुरुवात. 31 ऑक्टोबर 1987 ला नागपुरात विश्वचषकाचा सामना झाला. चेतन शर्माने न्यूझीलंडविरुद्ध हॅट्‌ट्रिक घेतली, ती विश्वचषकातली पहिली. सुनील गावस्करांनी एकदिवसीय सामन्यांतले आपले एकमेव शतक ठोकले. जवळच्या शहरात घडलेली गोष्ट सांगताना ‘मी होतो तिथे’ म्हणणारे दरवर्षी वाढत जातात, आणि ऐकणारे त्यांना वाढू देतात. याच ठेल्यांवर घोटलेल्या सुपारी-तंबाखूच्या खर्र्याने विदर्भात तोंडाचा कर्करोगही पसरवला, हे विसरता येत नाही.

विदर्भाचा संघ रणजी करंडकात उतरला तो 1957-58 च्या हंगामात. साठ वर्षे हरण्याचीच चर्चा झाली. 1 जानेवारी 2018 ला इंदूरमध्ये फैज फझलच्या संघाने दिल्लीला हरवून करंडक जिंकला. रजनीश गुरबानीने अंतिम सामन्यात हॅट्‌ट्रिक घेतली. 2018-19 आणि 2024-25 मध्येही करंडक विदर्भाचाच. वर्धा रोडवरचे जामठ्याचे मैदान 2008 पासून कसोटी सामने भरवते, त्यामुळे देवळीकरांना क्रिकेट आता बसच्या वाटेवरचे झाले.

शंकरपट मात्र मध्ये थांबला होता. 7 मे 2014 च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यती बंद केल्या. डिसेंबर 2021 मध्ये महाराष्ट्राला परवानगी मिळाली आणि 18 मे 2023 ला घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. बंदीच्या त्या साडेसात वर्षांत पटावर जोड्या नव्हत्या, पण जुन्या जोड्यांची नावे गप्पांत टिकून राहिली, आणि पट पुन्हा भरले तेव्हा नव्या बैलांची तुलना त्यांच्याशीच होऊ लागली.