पोसायडन, खापरं आणि काळी वाळू

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी विचारलं, ऑब्सिडियन आपल्याकडे का नाही? दख्खन तर सगळी लाव्हाचीच! तर उत्तर सिलिकात आहे. ऑब्सिडियन म्हणजे ज्वालामुखीची काच, त्यात सिलिका साधारण ७० टक्क्यांच्या वर लागते. आपल्या काळ्या पाषाणात, म्हणजे बेसॉल्टमध्ये, ती ५० च्या आसपास. म्हणून आपल्या पूर्वजांनी बारीक पाती काढली ती अकीक आणि चाल्सेडनीची.

१९६४ मध्ये कॅन आणि रेनफ्रू यांनी दाखवलं की प्रत्येक ज्वालामुखीच्या काचेत बेरियम, झिरकोनियमसारखी मूलद्रव्यं वेगळ्या प्रमाणात असतात. त्यातून कळलं की शेती सुरू व्हायच्या आधीच मेलॉस बेटावरचा दगड ग्रीसच्या मुख्य भूमीवर पोचला होता. म्हणजे कुणीतरी समुद्र ओलांडला होता. अकिकाच्या बाबतीत हे फार अवघड, कारण दख्खनचा बेसॉल्ट पाच लाख चौरस किलोमीटर पसरलाय आणि त्याच्या पोकळ्यांतले दगड सगळीकडे सारखेच दिसतात. (आमच्या भाषेत, सगळ्या सर्व्हरना एकच आयडी.)

पण ज्वालामुखीची ओळख आपल्याकडे दुसऱ्या वाटेनं आली, वाईनच्या मडक्यातून. नेपल्सच्या उपसागराजवळ बनलेल्या रोमन ॲम्फोरांच्या मातीत काळे चकचकीत दाणे असतात. हे ऑगाइट, व्हेसुव्हियसच्या परिसरातली वाळू. खापराचा पातळ काप काढून सूक्ष्मदर्शकाखाली धरला की दाणे स्पष्ट दिसतात. मग २००७ मध्ये रॉबर्टा टॉम्बर यांनी दाखवलं की पश्चिम भारतात ‘रोमन’ म्हणून नोंदलेली बरीच खापरं प्रत्यक्षात मेसोपोटेमियाच्या टॉर्पेडो जारांची आहेत. आत डांबराचा थर, आणि काळ बहुतेक ससानी व त्यानंतरचा. म्हणजे व्यापार होताच, पण वेगळ्या लोकांशी आणि बऱ्याचदा काही शतकं नंतर. माझ्या मते ही बातमी निराश करणारी नाही, उलट जास्त रंगतदार आहे.

हे आपल्याला का लागू? कारण पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४० च्या दशकात पोसायडनची छोटी ब्राँझ मूर्ती सापडली. आता ती टाऊन हॉल म्युझियममध्ये आहे. पुढे १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजच्या सांकलिया आणि दीक्षित यांनी तिथं शास्त्रशुद्ध उत्खनन केलं. मूर्तीला रोमन म्हणतात ते प्रामुख्यानं घडणीवरून. आणि धातूची गोष्ट काचेसारखी सोपी नसते. जुनं ब्राँझ वितळवून पुन्हा ओततात, दोन खाणींचं तांबं मिसळतं, ठसा पुसट होतो. शिशाच्या समस्थानिकांवरून काही सांगता येतं, पण त्यासाठी मूर्तीतून कणभर तरी धातू काढावा लागतो. हातात धरायच्या क्ष-किरण यंत्राला तेवढं लागत नाही, पण ते वरवरचंच मोजतं आणि गंजलेल्या थरावर फसतं. मूर्ती एकच आहे, त्यामुळे ड्रिल लावायचा निर्णय कोण घेणार?