तुळई आणि अंगीठी

कोरेगांव भीमाकडील जुन्या घरांत विलायती तऱ्हेची भिंतींतली अंगीठी व तिच्यावरची लांकडी फळी सहसा आढळत नाहीं. यांत उणेपणा नाहीं. युरोपांत ती फळी म्हणजे मूळच्या धूर धरणाऱ्या छत्राची कड; छत्र आकसलें, कड उरली. आपल्या चुलीचा धूर छपरांतून वाट काढी, आणि वस्तूंसाठीं जाड भिंतींत कोनाडे व फडताळें असत. सागाचा मान खांब-तुळयांना होता. घराचें माप देखील खणांनीं सांगत.

पुण्यास शनिवारवाड्याचें काम १७३० सालीं सुरू झालें. १८२८ च्या आगीनें त्याचें लांकूडकाम गिळलें. तट व दगडी जोतीं उरलीं. त्याच सालीं महाबळेश्वरीं इंग्रजांचें थंड हवेचें ठाणें वसूं लागलें, आणि त्यांच्या बंगल्यांतून अंगीठी सह्याद्रीवर आली.

आज वाडे पडतात व तुळया विकल्या जातात. घरीं अशी फळी करणाऱ्यानें जुनी तुळई घ्यावी, खिळे उपटावे, ठोकून पोकळी पारखावी व धगीपासून हातभर वर, पक्क्या आधारांवर बसवावी. रंधा बेताचाच फिरवावा. वाकसाच्या खुणा म्हणजे सुताराची सही होय. मात्र एक तुळई वांचली म्हणजे वाडा वांचला असें नव्हे. तो उभा आहे तोंवरच त्याचे खण मोजून टिपून ठेवावे.