डाखातलं शिसं कुणासाठी काढलं?

घरी सोल्डरिंग करणाऱ्यांच्या गप्पांत एक तक्रार हमखास निघते. जुन्या रेडिओतला सांधा कसा लखलखीत असायचा, आणि आताच्या बोर्डवरचा बघावं तर मळकट, दाणेदार. नवशिक्याला तर तो ड्राय सोल्डरच वाटतो. मग तो बिचारा चांगला सांधा पुन्हा तापवत बसतो आणि बोर्डवरची तांब्याची पट्टी उचकटून ठेवतो. वर एक वाक्य ठरलेलं असतं, "पूर्वीचं सोल्डर राहिलं नाही." ते खरंही आहे. का राहिलं नाही, हा आजचा विषय.

ज्याला आपण सोल्डर म्हणतो, त्याला मराठीत डाख हा जुना शब्द आहे. कथील आणि शिसं एकत्र करून डाख देणं फार प्राचीन. रोमन लेखक प्लिनी दोन भाग शिसं आणि एक भाग कथील अशा मिश्रणाची नोंद करतो, आणि त्याने नळ जोडत असं सांगतो. आपल्याकडे कल्हईवाला भांडं तापवून, नवसागर टाकून, त्यावर कथील फिरवायचा. नवसागर धातूवरचा गंज खातो, म्हणून कथील धरतं. आपल्या सोल्डरच्या तारेत पोटात भरलेली राळ तेच काम करते. फरक एवढाच, की कल्हई जेवणाच्या भांड्याला, म्हणून तिथे चोख कथील हवं. शिसं मिसळलं तर ते आंबट पदार्थातून थेट पोटात.

मग इलेक्ट्रॉनिक्समध्ये शिसं इतकं लाडकं का? आता आकडे बघा. कथील वितळतं २३२ अंश सेल्सिअसला, शिसं ३२७ ला. पण ६३ टक्के कथील आणि ३७ टक्के शिसं एकत्र केलं की ते मिश्रण १८३ लाच वितळतं, म्हणजे दोघांपेक्षाही कमी. आणि मधल्या लापशीसारख्या अवस्थेत न रेंगाळता एकदम गोठतं. सांधा हलायला वेळच मिळत नाही, म्हणून तो चमकतो. घरी शिकणाऱ्यासाठी याहून सोयीचं काय असणार!

शिशाचा दुसरा गुण मात्र डोळ्यांना दिसत नाही. शुद्ध कथिलाच्या मुलाम्यातून काही महिन्यांनी, कधी वर्षांनी, केसाहून बारीक तंतू आपोआप उगवतात. इंग्रजीत त्यांना व्हिस्कर्स म्हणतात, म्हणजे मिशा. हे तंतू वीज वाहून नेतात. १९५० च्या दशकात बेल लॅब्जमधल्या संशोधकांना आढळलं, की कथिलात थोडं शिसं घातलं तर या मिशा आटोक्यात राहतात. हा प्रश्न किती गंभीर, ते मे १९९८ मध्ये कळलं. गॅलेक्सी ४ नावाचा उपग्रह भरकटला आणि अमेरिकेतले बहुतांश पेजर एका फटक्यात मुके झाले. त्यात डॉक्टरांचे पेजरही होते. दोष शोधला तेव्हा बोट गेलं उपग्रहाच्या नियंत्रक संगणकात उगवलेल्या कथिलाच्या मिशांकडे.

म्हणजे शिसं काढायचं तर किंमत मोजावी लागणार, हे अभियंत्यांना माहीत होतं. तरी ते काढलं. टप्प्याटप्प्याने गेलं ते. अमेरिकेने १९८६ मध्ये पिण्याच्या पाण्याच्या नळजोडणीतून शिशाचा डाख हद्दपार केला. १९९५ मध्ये अन्नाच्या डब्यांचा नंबर लागला. मग युरोपने २००३ मध्ये इलेक्ट्रॉनिक्ससाठी कायदा केला आणि १ जुलै २००६ पासून तो लागू झाला. त्यालाच आरओएचएस म्हणतात. लष्करी सामग्री त्याच्या कक्षेबाहेर ठेवली. भारतात ई-कचऱ्याचे नियम १ मे २०१२ पासून आले आणि त्यांतही शिशावर मर्यादा घातली गेली.

इथे एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. युरोपने त्याच वेळी दुसराही कायदा केला होता, ई-कचरा गोळा करण्याचा. दोन्ही जुळी भावंडं. चिंता होती ती वस्तू फेकून दिल्यानंतरची. आपल्या टेबलावर सोल्डरिंग आयर्न साधारण ३५० अंशाला चालतं, तेवढ्यावर शिशाची म्हणावी अशी वाफ होत नाही. जो धूर दिसतो तो राळेचा. पण बोर्ड भंगारात गेल्यावर दिल्लीच्या सीलमपूरसारख्या वस्त्यांत किंवा चीनमधल्या गुईयूमध्ये तो शेगडीवर तापवून चिप सुट्या केल्या जात. डाख ठिबकायचा, धूळ घरभर व्हायची. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात गुईयूच्या सहा वर्षांखालील मुलांच्या रक्तात दर डेसिलिटरला सरासरी १५.३ मायक्रोग्रॅम शिसं सापडलं. शेजारच्या गावात ते ९.९४ होतं. शिशाचा घाव मुलांच्या मेंदूवर पडतो आणि तो भरून येत नाही.

म्हणून "पूर्वीचं सोल्डर राहिलं नाही" असं कुणी म्हटलं, की मला ही मुलं आठवतात. आपली गैरसोय खरी आहे. हल्ली सर्रास वापरलं जाणारं मिश्रण, ९६.५ टक्के कथील, ३ टक्के चांदी आणि अर्धा टक्का तांबं, वितळायला २१७ अंशांच्या वर जावं लागतं. बिट लवकर झिजते, हात बसायला वेळ लागतो. पण ती गैरसोय कुणासाठी सोसायची, हे कळलं की कुरकुर जरा कमी होते.

जुना रेडिओ दुरुस्त करताना शिशाची तार वापरायची असेल, तर वापरा. मीही वापरतो. मात्र खिडकी उघडी ठेवा, टेबलावर चहा-फरसाण नको, तार दातात धरायची नाही, आणि उठल्यावर साबणाने हात धुवा. शिसं शरीरात शिरतं ते बहुधा बोटांवरून तोंडात. डिसोल्डर पंपातला चुरा आणि मेलेले बोर्ड ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका, अधिकृत ई-कचरा केंद्रात द्या. आणि नव्या बोर्डवर मळकट सांधा दिसला, तर आधी मीटर लावून बघा. रंगावरून निदान करायचे दिवस गेले.

भेटू पुढच्या भागात.