पुनरुत्थानश्रद्धा व सेवाग्राम
क्रुसावर मरण पावलेला येशू ख्रिस्त तिसऱ्या दिवशी पुन्हा जिवंत झाला, ही ख्रिस्ती धर्मातील मूलभूत श्रद्धा. ती खरी नसेल, तर सारा विश्वास व्यर्थ होय, असे सेंट पॉल याचे प्रतिपादन. श्रद्धेच्या या दाव्याला वर्धा जिल्ह्यात सहृदय, परंतु चिकित्सक श्रोता लाभला. महात्मा गांधी १९३६ मध्ये सेगाव (१९४० पासून सेवाग्राम) येथे राहावयास आले. त्याच वर्षी व पुन्हा १९३८ मध्ये, तांबरमच्या जागतिक मिशनरी परिषदेपूर्वी, जॉन आर. मॉट यांनी तेथे त्यांच्याशी चर्चा केली. येशूचे बलिदान गांधीजींना आदर्शवत वाटे. तथापि त्या मृत्यूत काही गूढ वा चमत्कारिक सामर्थ्य होते, हे आपल्या अंतःकरणास पटत नसल्याचे त्यांनी आत्मकथेत नमूद केले आहे. मिशनऱ्यांनी धर्मांतराचा हेतू न ठेवता सेवा करावी, असा त्यांचा आग्रह होता. वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योग संघाचे कार्य करणारे जे. सी. कुमारप्पा (१८९२–१९६०) हे स्वतः ख्रिस्ती होते. येशूच्या शिकवणुकीवरील त्यांच्या ग्रंथास (१९४५) गांधीजींची प्रस्तावना असून त्यात मतांपेक्षा आचरणावर भर आहे. पुनरुत्थान खरोखर घडले काय, हा प्रश्न या विचारविनिमयाने सुटला नाही. मात्र संशयी जगापुढे श्रद्धेची साक्ष जीवनातूनच द्यावी लागते, हे त्यातून स्पष्ट झाले.